झांजेवर इंग्रजी वाजवणारे काका

इंग्रजी शब्द समोर आला आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी तो वाजवला नाही, असं अख्ख्या कुवेतमध्ये कधी घडलं नसेल. तरुणपणी ते जहाजावरून मोर्समध्ये बिनतारी संदेश पाठवायचे. जहाजांना मोर्सची गरज उरली नाही तेव्हा शुवैख बंदरातल्या एका गोदामात लागले; बोटं मात्र जहाजावरच राहिली. लिफ्टमधली सूचना ते लिफ्टच्या दारावर ठोकत, हॉटेलातलं मेनूकार्ड टेबलावर. वेटर धावत यायचा, "साब, कुछ अर्जंट?" "नहीं भाई, पढ़ रहा हूँ।"

कुवेतच्या जाब्रिया भागात माझ्या घरी गणपती बसतो. गेल्या वर्षी मी सगळ्यांना कामं वाटून दिली, नाशिकला राहणाऱ्या नवऱ्यालाही फोनवरून, आणि काकांच्या हाती झांज दिली. दुसऱ्याच कडव्याला आरतीचा ताल कोसळला. "काका, काय वाजवताय?" "पुढच्याचा टी-शर्ट," ते निरागसपणे म्हणाले. "पाठीवर मजकूर बराच आहे गं, संपतोय आता."

काकू देवगडला. लग्न झाल्यावर काकांनी त्यांनाही मोर्स शिकवलं होतं. भरल्या घरात सासूला न कळता बोलायची तेवढीच सोय. काकांना मोर्स इंग्रजीतूनच येई, त्यामुळे त्यांचं लाडाचं बोलणंही 'राइस डन' छापाचं. यंदा काकूंना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. संध्याकाळी त्यांची मुलगी व्हिडिओ कॉल लावून फोन समोर धरायची आणि काकू डाव्या हाताने ताटली वाजवायच्या. मी नर्स, म्हणून औषधांचं विचारायला काकांशेजारी बसायची. एकदा काकूंनी लहानसा शब्द वाजवला, थांबल्या, पुन्हा तोच वाजवला.

"काय म्हणताहेत?"

"ये म्हणते. इतक्या वर्षांत कधी म्हणाली नव्हती. 'आणखी एकच वर्ष' हे दरवेळी मीच म्हणायचो."

गोदामाच्या मालकाने थांबायला विनवलं. काकांनी अकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहायचा परवाना, रद्द करून घेतला आणि गेले.

परवा मी देवगडला फोन केला. गोळ्या वेळेवर चालल्यात का, हे विचारत होते तोच मागून ताटली वाजली. काका खुदकन हसले, तिकडे वळून ठकठक करू लागले आणि मला पार विसरले. मी बराच वेळ ऐकत राहिले. एक अक्षर कळलं नाही.

तो फोन ठेवला आणि नाशिकला नवऱ्याला लावला.

"काय गं, कुठलं काम राहिलं?" त्याने विचारलं.

"कुठलंच नाही," मी म्हटलं. "तू नुसता बोल."