व्याह्यांचं सोनोग्राफी मशीन

आमच्या व्याह्यांएवढा उतावळा अन् बोकडवेडा माणूस पूर्णा तालुक्यात दुसरा न्हाई; असला तर त्यानं माझ्यासमोर येऊन तसं सांगावं. माझी थोरली लेक त्यांच्या घरी दिलेली. जनावरांच्या दवाखान्यात पट्ट्या बांधता बांधता ते रिटायर झाले, अन् घरात टीव्ही आणायचा सोडून जुनं सोनोग्राफी मशीन घेऊन आले. गाभण शेळी कुणीबी तपासतं. हे तपासतात बोकडाच्या पाठीचं मास! बरगडीपाशी वस्तऱ्यानं चौकोन भादरायचा, जेली थापायची, वर यंत्र टेकवायचं, की आत मास किती जाड, त्यात चरबीच्या रेघा किती, सगळं पडद्यावर. लग्नाच्या पंगतीतून उठून नवरदेवाच्या मामाचा बोकड बघून येतील. ताडकळसच्या बाजारात एक गिऱ्हाईक भादरलेला बोकड बघून "खरूज झाली का हो?" म्हणून पुढं निघालं, तर हे मशीन घेऊन त्याच्या मागं पळाले, "अहो पाव्हणं, आत बघा की, आत!"

माझा भरवसा हातावर. चौथीत शाळा सुटली, पण पाठ दाबली की मला बोकड कळतो. आमचा संकरित बोकड, आई उस्मानाबादी अन् बाप परदेशी बोअर जातीचा, आता वाढत न्हाई म्हणून मी इकायला काढला. तर व्याही त्याची पाठ मशीनवर बघून दावं धरून उभे.

"महिनाभर थांबा, व्याही. मास भरायलंय आजून."

"माझा हात खोटा का मग?"

"हात वरून बघायलाय. महिन्यानं न्हाई वाढलं, तर मशीन येलदरी धरणाच्या पाण्यात सोडतो. पुन्यांदा नाव घेणार न्हाई."

व्याह्याच्या शब्दाला मोडता घालता येत न्हाई. थांबलो.

महिन्यानं अंगणात ही गर्दी! लेकीनं पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ कबूल केलेला. बापासाठी न्हाई, सासऱ्यासाठी. व्याह्यांनी यंत्र टेकवलं, पण हात असा थरथरायला लागला की पडद्यावरचं चित्र थांबेना. शेवटी मीच पुढं होऊन त्यांचं मनगट घट्ट धरलं. चित्र थांबलं. मागच्या महिन्याच्या चित्राशेजारी लावलं, तर मासाचा काळा पट्टा चांगला रुंदावलेला, मलाबी दिसला.

"बघा! म्हणलं न्हाई का!" व्याही पोरावानी ओरडले.

"जमलं तुमचं," मी म्हणलं. याच्याआधी मी कुणापुढं हरलो न्हाई.

पुढच्या बाजारी बोकड झकास इकला. पण लेकीच्या लग्नात, व्याहीभेटीला, याच माणसानं मला कमरेला धरून भर मांडवात उचललं होतं. त्या मनगटात आता नुसतं हाड उरलंय, हे मला मशीनबिगर कळलं.