रद्द झालेला सीझन
सुपरमार्केटमध्ये फ्रीझरचं दार उघडलं, की त्या कोरड्या गार वासानं मला बाबांबरोबरची आइस रिंक आठवते. हॉस्पिटलच्या नोकरीतून रिटायर झालेले बाबा आई गेल्यावर घरात फारसे बोलत नसत, पण आमच्या शहराच्या आइस हॉकी टीमच्या मॅचला घसा बसेपर्यंत ओरडत. त्या वर्षी कीमोनं ते खंगले होते आणि पहिल्या मॅचची वाट बघत होते. तेवढ्यात खेळाडूंचं आणि मालकांचं पगारावरून फाटलं आणि सगळा सीझनच रद्द झाला. मी भीत भीत सांगितलं, तर म्हणाले, “खेळाडूंचं बरोबर आहे गं. जखमी झाल्यावर त्यांना कोण विचारतं?” मग म्हणाले, “तरी रिंकवर जाऊ या का?” आम्ही गेलो. बर्फावर लहान मुलं धडपडत होती. नेहमीच्या सीटवर बसून, टीमचा स्कार्फ गुंडाळून घेत, बाबा आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्याबद्दल बोलले, “तिला या देशातली थंडी कधीच आवडली नाही. माझ्यासाठी राहिली.” मी नुसता त्यांचा हात धरला. उन्हाळ्याआधीच बाबा गेले. आता तो वाद मिटलाय, टीम पुन्हा खेळते. परवा मी एकटीच मॅचला गेले. गोल झाला, सगळे उठून ओरडायला लागले. मला मात्र उठताच येईना.