मखराची कमान

ओझरला कारखान्यात तीस वर्षं पत्रा कापला, तेव्हा प्लायवूड ते काय, असं मला वाटायचं. त्याच गुर्मीत मी व्याह्यांना, म्हणजे मुलीच्या सासऱ्यांना, फोनवर सांगून बसलो, "यंदा गणपतीला विकतचं मखर नाही. कमान मी स्वतः कापणार, बघायला या." ते म्हणाले, "येतोच." झालं, आता माघार घ्यायची सोय नव्हती.

काम तसं सोपं. दोन खिळे ठोकायचे, त्यांच्यात बांबूची कामटी वाकवून धरायची आणि कडेने पेन्सिल फिरवायची. कामटी मधोमध दाबून धरायला बायकोला बसवलं. पेन्सिल अर्ध्यावर आली, कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि ही उठली. मग मीच गुडघ्याने कामटी दाबून रेघ पुरी केली. कापल्यावर कमान रुसलेल्या जावयासारखी एका अंगावर कललेली निघाली. दुसऱ्या तुकड्याची डावी बाजू जाड वाटली म्हणून तासली, मग उजवी जाड वाटली, मग पुन्हा डावी. तासता तासता हातात बांगडीएवढी पट्टी उरली.

गणपती उद्यावर आणि प्लायचा एकच तुकडा शिल्लक. मी डोक्याला हात लावून बसलो होतो. बायकोने तो तुकडा भिंतीला उभा केला, त्याला दोन खिळे ठोकले आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढायला लागली.

"अगं, मी जिवंत आहे अजून."

"म्हणून तर प्लाय वाया जातोय," ती म्हणाली.

तिने मंगळसूत्राची दोन टोकं खिळ्यांना अडकवली. ते दोन्हीकडे सारखं लोंबलं. मग गेरूत बोट बुडवून तिने रांगोळीसारखे कडेकडेने ठिपके दिले, ते जोडले आणि प्लाय खालचं वर करून उलटा केला. झाली कमान! वाट्यांच्या वजनाने मधोमध जरा टोक आलं होतं, तेही शोभलं. मी गुपचूप कापायचं मशीन चालवलं.

आरतीनंतर व्याही कमानीवरून हात फिरवत म्हणाले, "कारखान्यातला हात आहे बुवा." मी नुसता हसलो. तेवढ्यात विहीणबाईंनी बायकोला विचारलं, "ताई, मंगळसूत्राला लाल काय लागलंय?"

"कुंकू असेल," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

मला भयंकर लाज वाटली. मी कामटीपासून मंगळसूत्रापर्यंत सगळं सांगून टाकलं. व्याही पोट धरून हसले. जाताना बायकोला म्हणाले, "ताई, आमच्या देव्हाऱ्यालाही अशीच कमान हवीय. रविवारी याल का? ह्यांनाही आणा, प्लाय धरायला कोणीतरी लागेलच."