म्हैस झालेल्या सुनेचे वाचक

लोणावळ्याजवळ कुसगावच्या ज्या हॉटेलात मी रिसेप्शनला बसते तिथे आठवड्याच्या मधल्या दिवसांत फारसं कोणी येत नाही. फोनवर टाईप करायची सवय मला तिथेच लागली. मोबाईलवर गोष्टी वाचायचं एक अ‍ॅप आहे, त्यावर कोणीही लिहू शकतं. मी दर आठवड्याला एक भाग टाकू लागले. गोष्ट अशी होती की मावळातल्या एका घरातली सून सकाळी उठते ती म्हैस होऊन. घरचे आधी घाबरतात, मग तिला गोठ्यात बांधतात.

मला वाटलं होतं, लोक विचारतील की ती म्हैस का झाली. ते कोणीच विचारलं नाही. पहिली प्रतिक्रिया होती, ‘दूध किती देते?’ एकाने लिहिलं, ‘व्यायल्याशिवाय म्हैस दूध देत नाही, लेखिकेने अभ्यास वाढवावा.’ सुनेचं बाळ अंगावर पितं आहे, असं मी कळवलं. त्याचं समाधान झालं. अंगावरच्या साडीचं पुढे काय झालं, हे एका बाईंनी तीनदा विचारलं. एका गृहस्थांनी, वाचून आपल्या जनावरांकडे बघवत नाही, असं लिहून खाली म्हैस विकणे आहे म्हणून फोटो टाकला.

नवरा माझं लिखाण वाचत नाही, पण त्याच्या कारखान्यातले लोक वाचायला लागले. ते त्याला घरी वैरण आहे का, असं विचारत. शेवटी त्याने एका रविवारी सगळे भाग एका बैठकीत वाचले, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाला, “गोठा कुणाचा आहे?”

मी म्हटलं, कुणाचा नाही, मनातला आहे.

“सुनेचा नवरा फार बोलत नाही गोष्टीत,” तो म्हणाला.

मी म्हटलं, नाही बोलत.

पाचव्या भागात म्हैस चारा खात नाही आणि घरचे गुरांचा डॉक्टर बोलावतात, असं मी लिहिलं. पानभर मजकूर हवा होता म्हणून लिहिलं, त्यात माझा दुसरा काही हेतू नव्हता. त्या भागाला सगळ्यात जास्त प्रतिक्रिया आल्या आणि जवळजवळ सगळ्या बायकांच्या होत्या. बहुतेकींनी फक्त ‘हो’ एवढंच लिहिलं होतं. कशाला हो, ते मला लगेच कळलं नाही. मग मी मागचे भाग काढून पाहिले. पहिल्या भागात सून अंगात ताप असताना भाकऱ्या थापते. ते मीच लिहिलं होतं आणि विसरले होते.

त्याच सुमारास सुदुंबऱ्याच्या एका वाचक मुलीचा मेसेज आला. आम्ही लोणावळ्याला येणार आहोत, सासूबाईंना तुम्हाला भेटायचं आहे, याल का, की आम्ही येऊ. मी हॉटेलचा पत्ता दिला.

दोघी दुपारी आल्या. सून तिशीची असेल, कमरेला पट्टा बांधलेला, सोफ्यावर बसतानाही हाताचा आधार घेत होती. सासू नऊवारीतली, सडपातळ. तिला वाचता येत नाही. सून रोज संध्याकाळी तिला गोष्ट वाचून दाखवते आणि नवा भाग नसेल तर जुनाच पुन्हा वाचते, हे सासूनेच मला आधी सांगितलं. मग म्हणाली, “बाई, तुमी ते डाक्टरचं लिवलं ना, ते आईकलं आन मला रात्रभर झोप न्हाई.”

मी घाबरून विचारलं, काही चुकलं का.

“चुकलं न्हाई. आमची म्हस दोन येळ खाल्ली न्हाई तर मी डाक्टर बोलावते. हिची पाठ धरली त्याला लय दिवस झालं. मी मलमाची डबी दिली हुती.”

सून फरशीकडे बघत होती. तिच्या मणक्यातली गादी सरकली होती. लोणावळ्यातल्या हाडांच्या डॉक्टरला दाखवून, पाठीचा फोटो काढून दोघी माझ्याकडे आल्या होत्या. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. धारा आता सासू काढणार होती.

मी चहा मागवला. चहा होईपर्यंत सासूने भिंतीवरचं भुशी धरणाचं चित्र पाहिलं आणि धरण एवढंच का, असं विचारलं. मग तिने मुद्द्याचं विचारलं. “ती परत बाई हुनार हाय का?”

पुढच्याच भागात होणार आहे, मी म्हटलं. शेवट लिहून तयार होता.

सून पहिल्यांदाच आपणहून बोलली. “करू नका असं म्हणत नाही मी. पण एवढ्यात नको.”

सासूने मान डोलावली. तिला काय समजलं होतं कोण जाणे.

मी शेवट बाजूला ठेवला आणि पुढे लिहीत राहिले. म्हैस डोहात डुंबली, म्हैस उन्हाला बसली, म्हशीला पेंड आणली. वाचकांनी गोष्ट ताणल्याचा आरोप केला. एकाने, हे पाणी घातलेलं दूध आहे, असं लिहिलं. श्रावण संपल्यावर मात्र मलाच सुचेना, तेव्हा तिला बाई केलं. गव्हाणीपाशी ती दोन पायांवर उभी राहते आणि घरातून कोणीतरी चहा घेऊन येतं, एवढंच. अर्ध्या लोकांना शेवट आवडला नाही. म्हैस विकणाऱ्या गृहस्थांनी, दूध बंद झाल्यावर त्या घराने काय करावं, असं विचारलं.

सुदुंबऱ्याहून आठवडाभर काही आलं नाही. मग मुलीचा मेसेज आला. शेवटचा भाग वाचला, छान आहे, सासूबाईंना अजून वाचून दाखवलेला नाही. पाठ बरी आहे, पण पट्टा चालूच आहे.

त्यानंतर एकदा सासूने स्वतःच फोन केला. सुनेने लावून दिला असणार. म्हणाली, “पुडचं कदी येनार? ही सांगती, तुमी अजून लिवताय म्हनून.”

मी समोरच्या रजिस्टरकडे पाहिलं. व्हय मावशी, लिहितेय, म्हणाले.

“लिवा सावकाश,” ती म्हणाली. “हितं काय घाई न्हाई.”