बिल्ल्यावरचा प्रबंध

कॉलर सुताभर वाकडी बसली तरी तिला तीन मशीन पलीकडून दिसायची. शर्टांच्या त्या कारखान्यात ती एकोणिसाव्या वर्षी दोरे कापायला लागली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी अडतीस बायकांच्या लाइनची सुपरवायझर होती. आवाज असा, की मशीनच्या घरघरीतही शेवटच्या टेबलापर्यंत पोचावा. म्हणून बायका तिला पाठीमागे 'शिट्टी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

आता अशा बाईला एम.ए. करायची दुर्बुद्धी का व्हावी? तर त्याचं असं झालं. मजल्याचा इन्चार्ज व्हायची तिची पाळी तीनदा आली आणि तीनदा हुकली. तिन्ही वेळा त्या खुर्चीत बसला तो तिनेच शिकवून तयार केलेला बाप्या. मॅनेजर म्हणाले, "बायकांना झेपत नाही हो ते." का झेपत नाही, असं तिने विचारलं तर ते नुसते हसले. ते हसणं तिच्या डोक्यात गेलं. घरी बसून बी.ए. केलेलं होतंच. कॉलेजच्या फलकावर संध्याकाळच्या वर्गांची सूचना दिसली, लिंगभाव अभ्यास, आणि तिने त्याच दिवशी अर्ज भरून टाकला. त्या 'का'चं उत्तर मिळवायचंच, शेंडी तुटो वा पारंबी तुटो.

सासूबाईंनी विषयाचं नाव ऐकलं आणि कानांवर हात ठेवले. "असले शब्द घरात नकोत गं बाई, पोरगी मोठी झालीय!" नवरा फ्रीज दुरुस्त करणारा, स्वभावाने मिश्कील. तो म्हणाला, "बाई असून बायकांचा अभ्यास? म्हणजे माशाने पोहायच्या क्लासला जायचं!" पण संध्याकाळचा स्वयंपाक तो न सांगता करायला लागला, आणि पोळ्या जाड झाल्या तर कुणी बोलायचं नाही असा कायदाही त्यानेच केला. वर्गातल्या मुली लेकीच्या वयाच्या. त्या तिला काकू म्हणत. पुस्तकातल्या शब्दांनी पहिल्या सहामाहीत तिच्या नाकी नऊ आणले, तरी ती वर्गात चौथी आली.

शेवटच्या वर्षी प्रबंध. विषय तिने बेधडक निवडला: कामावर बायकांना संडास-बाथरूमला जायला मिळतं की नाही. अडतीस फॉर्म छापले आणि दोन दिवसांत भरूनही आणले. वर्गातल्या पोरी एकेका मुलाखतीसाठी महिनाभर वणवण करत होत्या. हिला वाटलं, मैदान मारलं.

मार्गदर्शक मॅडम तिच्याहून दहा वर्षांनी लहान होत्या. त्यांनी फॉर्म चाळले. पाणी किती पिता? भरपूर. जायला मिळतं? मिळतं. काही त्रास? नाही. अडतीसच्या अडतीस जणींचं तेच.

"काय सुखी कारखाना आहे हो!" मॅडम म्हणाल्या. "मलाच लावून घ्या तिथे. हे प्रश्न विचारले कुठे?"

"मशीनपाशीच. काम थांबवलं नाही."

"विचारले कोणी?"

"मीच की."

"आणि जायचं असलं तर बायका काय करतात?"

मग तिने बिल्ल्याची पद्धत समजावून सांगितली. थोड्या अभिमानानेच. एका लाइनला एक पितळी बिल्ला. तो तिच्या टेबलाच्या खिळ्यावर. जिला जायचं तिने तो घ्यायचा, परत आणून लावायचा, मग दुसरीने. पूर्वी चौघी-चौघी एकदम उठायच्या आणि शर्ट तुंबायचे. ही युक्ती तिचीच. मॅनेजरने सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती.

मॅडमनी फॉर्म बाजूला सारले. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हे चालणार नाही. पुन्हा करा. पाच आठवडे आहेत, मुदत चुकली तर वर्ष गेलं."

ती तणतणत घरी आली. ही कालची पोर आपल्याला आपली लाइन शिकवणार! नवरा म्हणाला, "मग दुसरा विषय घे ना, सोपा." त्यावर तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो कणकेकडे बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सवयीने लाइनवरून फिरली आणि मध्येच थबकली. प्रत्येक मशीनच्या पायाशी पाण्याची बाटली होती. घरून भरून आणलेली, गळ्यापर्यंत भरलेलीच. तिने पुढची पाहिली, त्याच्या पुढची पाहिली. जेवण होऊन तास झाला होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि अडतिसातल्या तीसेक बाटल्यांचं झाकणही उघडलेलं नव्हतं. सुटलेला टाका हेरणाऱ्या तिच्या डोळ्यांना हे इतकी वर्षं दिसलं नव्हतं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

सुट्टीच्या दिवशी ती बटणवालीच्या घरी गेली. बटणवाली म्हणजे लाइनवरची सगळ्यांत जुनी बाई, तोंडाची फटकळ, पण सुपरवायझरपुढे कायम मूग गिळून असायची.

"खरं सांगू, की गोड बोलू?" बटणवालीने विचारलं.

"खरं."

"तुम्ही तोंडाने कधी काही बोलत नाही, ताई. पण बिल्ला घ्यायला तुमच्यापुढे आलं की घड्याळाकडे बघता. जाताना एकदा, येताना एकदा. त्यापरीस पाणीच नको! आपलीच मोरी अन् मुतायची चोरी. दोघींना मूतखडे झालेत. ती कफ लावणारी पोरगी लग्न ठरलं म्हणून सोडून गेली ना? कसलं लग्न नि कसलं काय! महिन्याच्या त्या दिवसांत तीनदा बिल्ला घ्यावा लागला, त्याची तिला शरम वाटली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं?"

 तिने पिशवीतून कोरे फॉर्म काढून बटणवालीच्या पुढ्यात ठेवले. "हे तुम्ही विचारा. नावं लिहू नका. मी जवळपासही फिरकणार नाही."

तीन आठवड्यांनी फॉर्म आले ते काठोकाठ भरून, काही तर मागच्या बाजूलाही. ते वाचून तिला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण लिहायला बसली ती कंबर कसून. एके ठिकाणी मात्र पेन अडलं. बिल्ला कोणी सुरू केला? 'व्यवस्थापनाने' असं लिहिलं असतं तर कोणी विचारायला येणार नव्हतं. प्रबंधाची एक प्रत कारखान्यालाही द्यायची होती. तिने 'व्यवस्थापनाने' लिहिलं आणि खोडलं.

सोमवारी सकाळी तिने बिल्ला खिळ्यावरून काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. "शर्ट तुंबले तर?" ते म्हणाले. "जबाबदारी तुमची." "माझीच," ती म्हणाली. "लेखी देते."

प्रबंध देण्याच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, तिने बिल्ल्याचं प्रकरण सगळ्यांना वाचून दाखवलं. बायका डबे बंद करून ऐकत होत्या. त्या वाक्यापाशी तिचा शिट्टीसारखा आवाज बसला, तरी तिने ते पूर्ण वाचलं: "बिल्ल्याची ही पद्धत प्रस्तुत संशोधिकेने स्वतः, सहा वर्षांपूर्वी सुरू केली."

कोणी काही बोलेना. ती तशीच उभी राहिली. ही शांतता तिच्या ओळखीची होती. पहिले अडतीस फॉर्म याच शांततेने भरले होते. आता पुन्हा सगळ्या 'छान लिहिलंय ताई' म्हणणार आणि उठणार, असं तिला वाटलं.

तेवढ्यात बटणवालीने हात वर केला.

"चुकलंय, ताई. सहा नाही, सात. माझा नातू झाला त्याच आठवड्यात तुम्ही तो खिळा ठोकलात. पोरगा परवा सात पुरा झाला."

"आणि मूतखडे दोघींना नाही, तिघींना," मागून कोणीतरी म्हणालं. "मी तेव्हा सांगितलं नव्हतं. माझंही लिहा."

"ते घड्याळाचं कमी लिहिलंय," तिसरी म्हणाली.

ती पटकन खाली बसली, पेन उघडलं आणि म्हणाली, "सावकाश सांगा. एकेक जण."