खोक्यातून बोलणारी सून

आमच्या शेजारची फुसाए इतकी भित्री, की कोंबडी अंगावर आली तरी किंचाळायची. आणि नेमकी हिलाच शेतकऱ्यांच्या सोसायटीनं गावाला भीती घालायच्या कामावर ठेवली! मी हसून हसून बेजार झाले होते तेव्हा.

त्या काळी आमच्या कुरीसावात टीव्ही एखाददुसऱ्याकडेच. जपानातल्या नागानोच्या डोंगरातलं गाव आमचं, वर्तमानपत्रसुद्धा दुपारी यायचं. पण सोसायटीनं तारा ओढून घरोघरी स्वयंपाकघरात एक लाकडी खोका बसवला होता. सफरचंदाचे भाव, बर्फाचा इशारा, कोण वारलं, कोणाला मुलगा झाला, सगळं त्यातून कळायचं. सोसायटीच्या माडीवर बसून ते वाचायची फुसाए. आवाज मात्र गोड हो तिचा, ते नाकारून चालणार नाही.

हिवाळा आला की आमच्याकडे माणसं पटापट जायची. चांगला धडधाकट बाप्या पहाटे बाहेरच्या संडासाला म्हणून निघायचा आणि बर्फात कोसळायचा. डोक्यातली नस फुटलेली. वाचलाच तर अंगावरून वारं गेलेलं, मग वर्षानुवर्षं अंथरुणात. आम्ही म्हणायचो, थंडीनं नेला. मग डॉक्टर सांगायला लागले की थंडी आहेच, पण खरा घात मिठाचा आहे. आता आमच्याकडे मीठ म्हणजे काय, विचारा! तिन्ही त्रिकाळ मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या खारट सोयाबीनचं सूप, पिंपभर मुरवलेलं पाल्याचं लोणचं, आणि कोणी दारात आलं की चहाबरोबर त्याच्या तळहातावर लोणच्याची चिमूट ठेवायचीच. नको म्हणालात तर घरधनीण वर्षभर बोलायची नाही.

तर रोज संध्याकाळी, पानं घ्यायच्या वेळेला, खोका बोलायचा. "सूप एकच वाडगा घ्या. लोणच्यावर सोया सॉस ओतू नका. मिठानं नस फुटते."

"आली बघा मिठाची भवानी!" आमचे हे म्हणायचे आणि मुद्दाम बाटली उचलायचे. रस्त्यात भेटली की लोक तिला छेडायचे, "फुसाएसान, घाम चाटला तर चालेल का हो?" ती हसायची, पण डोळ्यांत भीतीच. कारण तिच्या घरातला सासरा असाच बर्फात पडून गेला होता आणि दोन हिवाळ्यांनी मोठा दीरही. उरला होता तिचा नवरा, किइची. तो पहाटे बाहेर गेला की ही अनवाणी दाराशी उभी राहून कानोसा घेत असायची. आडदांड गडी तो. म्हणायचा, "अगं, मला काय धाड भरलीय? जा, झोप."

तुम्ही म्हणाल, मग हिनं घरचं मीठ कमी करायचं! कसं करणार? आमच्याकडे सासू आपल्या हातानं पळी देत नाही, तोवर सुनेनं सुपाच्या पातेल्याला हात लावायचा नाही. आणि तिची सासू तोमेआजी, सत्तरीची, पळी कमरेला खोचून झोपेल अशी बाई. साऱ्या गावाला शिकवणारी सून घरात चूल फुंकायची आणि सासू ओतेल ते सूप गुमान वाढायची.

त्या हिवाळ्यात सोसायटीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नवीन टूम काढली. प्रत्येक घरानं सकाळचं सूप बाटलीत भरून सोसायटीत द्यायचं. नर्सबाई यंत्रानं त्यातलं मीठ मोजणार, आणि ज्या घरचं सूप सगळ्यांत सौम्य, त्या घराचं नाव खोक्यातून सांगणार. झालं! बायकांमध्ये नुसती चढाओढ.

नाव कोणाचं निघावं? तोमेआजीचं! फुसाएनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी मला मिठीच मारली तिनं. "हात्सुएसान, सासूबाईंनी ऐकलं हो माझं! माझ्या जिभेला तर फरकही कळला नाही! मला वाटायचं, माझं सगळं भिंतीशी बोलणं आहे." इतकी निर्धास्त मी तिला कधी पाहिली नव्हती. किइचीला तर काय, मोकळं रानच मिळालं. आमच्या घरचं सूप गावात पहिलं, असं म्हणत तो लोणच्यावर दुप्पट सॉस ओतायला लागला.

चारआठ दिवसांनी आम्ही आळीतल्या बायका तोमेआजीकडे चहाला बसलो होतो. कोणीतरी विचारलं, "आजी, खरं सांगा, तुमच्या हातचं सूप आणि सौम्य?"

आजी तोंडाला पदर लावावा तशी बाही लावून हसली. "अगं, बाटलीत निम्मं गरम पाणी ओतलं. नर्सबाईसमोर घराची शोभा करून घ्यायची का?"

हसण्याचा नुसता गदारोळ झाला, कारण सगळ्यांनीच तसं केलं होतं. एकीनं तर म्हणे नुसतं भाताचं पाणी दिलं होतं! मीही हसत होते. आणि वळून बघते तर दारात फुसाए उभी. बर्फासारखी पांढरी पडली होती. तशीच परत फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवताना किइचीच्या हातून चॉपस्टिक्स गळून पडल्या. त्यानं उचलल्या, पुन्हा गळल्या. "हात गारठला," म्हणाला आणि हसला. हसताना त्याचं तोंड एका बाजूलाच हललं. थोड्या वेळानं सगळं ठीक झालं आणि गडी बागेत फांद्या छाटायला निघूनही गेला. फुसाए धावत माझ्याकडे आली. "हात्सुएसान, मोठ्या दिरांचंही असंच झालं होतं. आधी चॉपस्टिक्स गळाल्या. मी काय करू हो? सांगा ना, मी काय करू?"

"सासूला सांग," मी म्हणाले.

"त्या मला घरातून काढतील."

त्या संध्याकाळी खोका लागला. सफरचंदाचे भाव झाले. मग कागद बाजूला सारल्याचा आवाज आला. आणि मग: "आमच्या घरच्या सुपाचं नाव आलं, ते खोटं आहे. आमच्या बाटलीत पाणी होतं. तुमच्याही बाटलीत होतं. माझा नवरा मरेल अशी मला भीती वाटते. तुमचेही मरतील."

अख्ख्या गावासमोर सासूची अब्रू! मी तशीच उठले आणि त्यांच्या घरी गेले, म्हटलं म्हातारी काय करेल नेम नाही.

फुसाए घरी पोचली तेव्हा तोमेआजी चुलीसमोर बसली होती, किइची पानावर. फुसाएनं उंबऱ्यातच गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. मला वाटलं, आता पळी पाठीत बसणार.

आजी ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, "तू रोज त्या खोक्यातून म्हणतेस, मिठानं मरतात. खरं आहे ते?"

"हो, सासूबाई."

"मग तुझ्या सासऱ्यांना कोणी मारलं? माझ्या थोरल्याला कोणी मारलं? रोज तिन्ही वेळा या हातानं वाढत होते मी. आवडतं म्हणून जास्त घालत होते."

देवा रे! इतके महिने ती म्हातारी हेच पोटात घेऊन बसली होती. आम्ही समजत होतो, हट्टी आहे, सुनेचं ऐकायला नको म्हणून करते. सूप सौम्य केलं असतं, तर नवऱ्याला आणि पोराला आपणच मारलं हे कबूल करावं लागलं असतं.

फुसाएनं सासूचा हात धरला. "तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं, आई," एवढंच म्हणाली. सासूबाई नाही, आई.

"आणि आता? आता तर ठाऊक असून वाढते आहे ना मी?" आजीनं विचारलं, आणि धाय मोकलून रडायला लागली. लेकाकडे बघून रडत होती, जणू तो समोर बसलेला नाहीच. नवरा गेला तेव्हा ती रडली नव्हती, थोरला गेला तेव्हाही नाही. किइचीनं आयुष्यात आपल्या आईला रडताना पाहिलं नव्हतं. त्यानं वाडगा खाली ठेवला. सकाळी गारठलेला तो हात दुसऱ्या हातात घेऊन तो चोळत राहिला, बोटं उघडून मिटून बघत राहिला. मग आमच्या सगळ्यांकडे बघून लहान मुलासारखं विचारलं, "मला काही होणार तर नाही ना?"