सातव्या मुलीला वाढवलं कोणी?

मी तिसरी मुलगी, म्हणून बारशालाच आत्याच्या ओटीत गेले. आत्याला मूल नव्हतं. तेव्हापासून ती माझी आई झाली आणि ज्यांनी जन्म दिला ते मामा-मामी. ते सुटीत यायचे, फ्रॉक आणायचे. माझी काही तक्रार नव्हती.

सिंगापूरला येऊन चार वर्षं झाली होती. त्या शनिवारी ऑफिसातल्या कोरियन मैत्रिणीबरोबर सायकल चालवायला पुलाउ उबीन बेटावर निघाले होते. बोट माणसं भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून आम्ही धक्क्यावर बसलो होतो, तेवढ्यात मामीचा फोन आला. मामांचं लिव्हर पार निकामी झालं होतं, नात्यातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला हवा होता.

"थोरल्या दोघींच्या सासरचे नाही म्हणतात गं. भाची म्हटलं तर परवानग्यांत वेळ जाईल, पोटची मुलगी असली की लगेच होतं. आता मामा नको म्हणूस, बाबा म्हण. संध्याकाळपर्यंत सांग. आणि वन्सांना इतक्यात काही बोलू नकोस."

माझं डोकं सणकलं. मैत्रिणीला सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, तिची आजी मुदांग होती. म्हणजे अंगात येणारी, मेलेल्यांना वाटेला लावणारी. पहिली मुदांग कशी झाली, ते आजी गाऊन सांगायची. राजाला सातवीही मुलगीच झाली, म्हणून त्यानं तिला पेटीत घालून पाण्यात सोडलं. पुढे राजा मरणाला टेकला. सहा मुलींनी हात वर केले. सातवी मात्र मेलेल्यांच्या मुलखात गेली, तिथल्या राखणदाराकडे वर्षानुवर्षं राबली, औषधाचं पाणी घेऊन आली आणि बापाला उठवलं. राजा अर्धं राज्य देत होता, ते तिनं घेतलं नाही. ती मुदांग झाली.

"म्हणजे तुमच्याकडेही टाकलेलीनंच जायचं!" मी जवळजवळ ओरडलेच. "तिला वाढवलं कोणी?"

"एका म्हाताऱ्या जोडप्यानं."

"ती निघाली तेव्हा त्यांना कुणी विचारलं?"

मैत्रीण आठवत राहिली. "शेवटी त्यांना मान मिळतो. पण विचारलं असं नाही गं. आजीच्या गाण्यात ते नाहीच."

बोटवाला हाका मारत होता. मी तिला एकटीलाच जायला सांगितलं आणि मामीला फोन लावून म्हटलं, "मामांना द्या."

मामांनी धापा टाकत फोन घेतला. म्हणाले, "बाळ, तुझ्यावर जबरदस्ती नाही."

"मी येते, मामा. पण आधी माझ्या आईला फोन करा. तिचं पोर आहे मी. तिला मागा."

"कुठल्या तोंडानं मागू तिला?"

"मला देताना होतं त्याच."

फोन कट झाला की काय, म्हणून मी स्क्रीनकडे पाहिलं.

"मागतो," मामा म्हणाले. ते रडत होते. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.